थांबलेला ठिपका

१२ जानेवारी

चि. सौ.

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. कोर्टाचा कागद झाल्यावर ‘सौ.’ लिहायचं की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. ‘चि.’ मात्र राहणार. तू माझ्यापेक्षा लहान आहेस आणि त्याला कुठलंही कोर्ट काही करू शकत नाही. तेव्हा नुसतं चि. समज आणि पुढे वाच.

पत्र बघून नवल वाटेल तुला. लेकाला फोन करावा तर माझ्या कानांची अवस्था तुला ठाऊकच आहे. शेजारणीला दोनदा मध्ये बसवलं. ती त्याचं बोलणं ऐकायची आणि मला ओरडून सांगायची, पण त्यात स्वतःचंही घालायची. तो म्हणे, “बरा आहे.” ही मला सांगते, “बरा आहे, पण आवाज उतरलाय.” आता आपला आवाज उतरलाय हे तो स्वतः कसं सांगेल? मोबाइलवर लिहायला तूच शिकवलं होतंस, पण मी एका अक्षरावर बोट ठेवते आणि दुसरंच उमटतं. शिवाय तो उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवतो. अंगठ्यावरून आईला काय कळायचं?

म्हणून तुला लिहितेय. तुमच्या लिफ्टच्या कंपनीत कुठल्या मेकॅनिकने कधी कुठे जायचं ते तू ठरवतेस. म्हणजे माझा ढब्बू दिवसभर कुठे असतो, हे या जगात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तुमचं जे झालं ते झालं. मी ते सांधायला बसलेली नाही, तेवढी अक्कल मला आहे. अधूनमधून दोन ओळी टाक, की तो धड आहे. नको वाटलं तर हे पत्र फाड, मी विचारणार नाही.

मी मजेत. पडद्यांना अस्तर लावायची कामं येतात, हात चालू आहेत.

तुझी
(इथे काय लिहायचं ते तू ठरव)


२२ जानेवारी

आई,

दुसरं काही सुचेना, म्हणून आईच.

तुमचा ढब्बू बरा आहे. इथे त्याला ढब्बू म्हटलं तर कुणाला कळणार नाही. उंचीमुळे सगळे ‘शिडी’ म्हणतात. परवा नवे बूट घेतलेत असं गोदामवाल्याकडून कळलं. मला एवढंच सांगता येईल, कारण आम्ही बोलत नाही. मी काम पाठवते, तो ‘ठीक’ असं लिहितो. दिवसातून पाच-सहा वेळा ‘ठीक’. लग्नात होतो तेव्हाही शेवटी शेवटी साधारण एवढंच बोलायचा, त्यामुळे फार फरक पडलेला नाही.

तुम्ही माझ्या कामाचं लिहिलंत, म्हणून ते कसं असतं ते सांगते. समोर पडद्यावर शहराचा नकाशा असतो आणि प्रत्येक मेकॅनिकच्या गाडीचा एक ठिपका. सकाळी मी सगळ्यांचा दिवस आखते. कुठे सर्व्हिसिंग आहे, कुठे दोर तपासायचेत, कुठे दार अडकतंय. आणि माझा चहा संपायच्या आत त्या आखणीचे बारा वाजतात. कुठेतरी लिफ्टमध्ये माणूस अडकतो, एखाद्या मेकॅनिकचं मूल तापाने फणफणतं, रस्ता खणलेला निघतो, गोदामातून चुकीचा सुटा भाग येतो. एक काम हलवलं की त्याच्या मागची चार घसरतात. मग त्या चार इमारतींतले लोक फोन करून माझी लायकी काढतात. अडकलेला माणूस सगळ्यात आधी, मग दवाखाने, मग जिथे एकच लिफ्ट आहे आणि वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत त्या इमारती. बाकीच्यांनी थांबायचं. दिवसभर लोकांना थांबायला सांगणं, हा माझा धंदा.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. हल्ली काम संपलं असं कळवल्यावरही त्याचा ठिपका बराच वेळ जागचा हलत नाही. पूर्वी हातातलं संपायच्या आत पुढचं मागायचा. दमत असेल. काळजीसारखं काही नसावं.

तब्येत सांभाळा.

तुमची
(मलाही सुचत नाहीये)


१ फेब्रुवारी

चि.,

तुझं पत्र आलं आणि मी ते आधी उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं.

तू धंदा छान समजावून सांगितलास. आमच्या कापडाच्या गिरणीत मुकादम असायचा, तो असाच साच्यांवर, म्हणजे मागांवर, बाया इकडच्या तिकडे करायचा. आम्ही त्याला रोज शिव्या घालायचो. तुलाही घालत असतील, मनावर घेऊ नकोस.

ठिपका थांबतो म्हणालीस. किती वेळ थांबतो? रोज, की एखाद्या दिवशी? काम उंचावरचं असेल त्याच दिवशी, की कधीही? सहज विचारतेय.

आणि एक मागणं आहे. जमलं तर त्याला उंच इमारतींवर पाठवू नकोस. लहानपणापासून त्याचे गुडघे कच्चे आहेत, तो सांगत नाही इतकंच. खालची खालची कामं दे. तुझ्या हातात आहे म्हणून म्हणते.

तुझी
आई (आता तूच म्हणालीस, तर लिहून टाकते)


१७ फेब्रुवारी

आई,

रागावू नका, पण स्पष्ट लिहिते.

मी त्याच्याबरोबर बरीच वर्षं राहिलेय. त्याच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. तुम्हाला मुलाची दगदग बघवत नाही, हे मी समजू शकते. पण माझी जागा तुम्हाला वाटते तेवढी माझ्या हातातली नाही. कंपनीने नवा प्रोग्राम आणलाय. तो आपोआप जवळचा माणूस शोधून काम देतो. मी ते बदललं, तर बाजूच्या चौकटीत कारण लिहावं लागतं. महिनाअखेरीस साहेब ती कारणं वाचतात. आधीच एकदा हसत हसत म्हणाले, “शिडीच्या बाबतीत तू जरा जपून. सोपं काम दिलंस तर लोक म्हणतील जुनं प्रेम, कठीण दिलंस तर म्हणतील सूड.” ते हसले, मला हसू आलं नाही.

आणि ठिपक्याचं म्हणाल तर त्याचं कारण बहुधा मला कळलंय. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्याची गाडी एकाच गल्लीत असते. फुलांचं दुकान, चष्म्याचं दुकान, वर दोन मजले कसल्या कसल्या पाट्या. माझ्या शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “फुलांचं दुकान म्हटल्यावर आणखी काय सांगायचं?” तिच्या जिभेला हाड नाही, पण माझ्याही मनात तेच आलं होतं. कुणी असेल तर चांगलंच आहे. मी कोण आडवी येणार? फक्त त्याचा हिशोब तुम्ही माझ्याकडे मागू नका. नकाशावर त्याची गाडी त्या गल्लीत वळताना बघायची, आणि वर तुम्हाला कळवायचं, एवढं मोठं मन माझं नाही.

या महिन्यात बाकी सगळं ठीक.


२६ फेब्रुवारी

चि.,

तुझ्या पत्राने दोन दिवस शिवण सुचलं नाही. चूक माझी आहे. गुडघ्यांचं मी बनवून सांगितलं. आता खरं सांगते.

मी बहिरी झाले ती साच्यांच्या खडखडाटाने, असं तुला, त्याला, सगळ्या गावाला माहीत आहे. गिरणीतल्या अर्ध्या बाया बहिऱ्या होत्या, त्यामुळे मला कुणी कारण विचारलं नाही. पण माझं तसं नव्हतं. मला आधी चक्कर यायला लागली. साधी नव्हे. उभ्या जागी सगळं घर फिरायचं, जमीन तिरकी व्हायची, पोटात ढवळायचं. तासाभराने जायची. मग एका कानात शिट्टी वाजल्यासारखं सुरू झालं, मग तो कान गेला. पुढे दुसरा. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतला आजार आहे, तोल तिथेच असतो. माझ्या वडिलांनाही होता. घराण्यात चालतो म्हणे कधी कधी, सगळ्यांना होतोच असं नाही. ढब्बूला होणार नाही असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

तू लिहिलंस, काम संपलं तरी गाडी हलत नाही. मला दिसलं गं. गाडीचं दार लावून, डोळे मिटून, स्टिअरिंगला धरून बसला असेल. मीही साच्याच्या खांबाला अशीच धरून राहायचे.

त्या गल्लीतल्या वरच्या पाट्या वाच. कानाचा डॉक्टर नसेल तर मला खोटी म्हण.

मला विचारता येत नाही, कारण तो लिहीत नाही. तुला विचारता येत नाही, कारण तुम्ही बोलत नाही. आणि तो जाऊन लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहतो.

आई


५ मार्च

आई,

जाऊन आले. फुलांच्या दुकानाच्या वर कानाचा दवाखाना आहे. जिन्याशी उभी राहून पाटी दोनदा वाचली. फुलवाला विचारत होता, काय हवंय, काय हवंय. शेवटी एक जुडी घेऊन आले.

परत येताना बसमध्ये एक गोष्ट डोक्यात आली आणि उतरायचा थांबा गेला. आमच्या स्वयंपाकघरात ओटा डावीकडे होता आणि त्याची खुर्ची उजव्या भिंतीला. मी ओट्याशी उभी राहून बोलायचे ते सगळं त्याच्या डाव्या कानाशी, आणि तोच गेलेला असणार. दोन वर्षं मला वाटत होतं, हा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. भांडताना समोर यायचे, तेव्हा मात्र सगळं ऐकू जायचं. म्हणजे त्याच्या कानापर्यंत माझं पोचलं ते नुसतं भांडण. तुम्हाला खरं सांगते, आमचं सगळं काही कानावर ढकलता येणार नाही. मीही कमी नव्हते, तोही नव्हता. पण जे होतं त्यातलं किती खरं होतं, हे मला आता कळेनासं झालंय.

आता कामाचं. साहेबांना सांगितलं तर त्याला त्याच दिवशी लिफ्टच्या कामावरून उतरवतील, आणि पंधरा वर्षं दुसरं काही न केलेला माणूस काय करेल? नाही सांगितलं तर तो टपावर उभा. मी मधला रस्ता काढलाय. त्याला खालच्या मजल्यावरची कामं देते. दारं, बटणं, कंट्रोल पॅनेल. उंच काम आलंच तर जोडीला दुसरा माणूस. कारणाच्या चौकटीत ‘वाहतूक’ असं लिहिते. प्रोग्रामला वाटत असेल, या शहरात सगळी गर्दी नेमकी याच्याच वाटेवर असते.

त्याला अजून काही बोललेले नाही. बोलायचं तर कुठून सुरुवात करायची?


१४ मार्च

चि.,

तू मनाने चांगलं करतेयस म्हणून आधी शाबासकी देते. आता कानउघाडणी.

मागे एका पत्रात मी आमच्या मुकादमाचं लिहिलं होतं. त्याचं पुरतं ऐक. माझी चक्कर त्याने ओळखली होती. साच्यावर पडले असते तर हात गेला असता. त्याने एके दिवशी काही न बोलता मला घडीखात्यात टाकलं. कापडाच्या घड्या घालायच्या, बसून. मला वाटलं, माझं विणणं खराब झालं म्हणून काढलं. सगळ्या खात्यात माझ्याइतकं साफ कापड कुणाचं निघत नव्हतं आणि मला घड्या घालायला बसवलं! मी घरी येऊन रडायचे. समोरून तो आला की तोंड फिरवायचे. तो गेल्यावर त्याची बायको भेटली, तिने सांगितलं. माझा हात वाचवला त्याने, आणि मी त्याला जन्मभर मनातून शिव्या दिल्या. त्याने एक वाक्य बोलायला काय झालं होतं? “बाई, तुला चक्कर येते, मला दिसतंय, काय करूया?” एवढंच.

तू तेच करतेयस. ढब्बूला वाटत असेल, हिने मला मुद्दाम बटणं बदलायला लावलंय. त्याला विचारल्याशिवाय त्याचं आयुष्य उचलून इकडून तिकडे ठेवू नकोस. माणूस आहे तो, घडी घालून ठेवायचं कापड नव्हे.

बोल त्याच्याशी. जमणार नाही असं लिहू नकोस, जमव.

आई


२ एप्रिल

आई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुमचं ऐकायचं धैर्य होत नव्हतं आणि ऐकलं नाही असं लिहायची लाज वाटत होती. रोज सकाळी फोन हातात घ्यायचे आणि काम पाठवून ठेवून द्यायचे. तो ‘ठीक’ लिहायचा.

परवा ते माझ्या हातात राहिलं नाही.

दुपारी वादळ आलं. अशी धूळ की खिडकीतून समोरची इमारत दिसेना. मग झाडं पडली, तारा तुटल्या आणि अर्ध्या शहराची वीज गेली. एकदम सगळे फोन वाजायला लागले. लिफ्टमध्ये माणसं अडकल्याचे सात-आठ कॉल होते, आणि माझ्याकडे मोकळी माणसं त्याच्या निम्मी. कुठला रस्ता बंद आहे ते नकाशाला कळत नव्हतं. मेकॅनिक फोनवर सांगायचे, “पुलावर झाड आडवं आहे, मी इथेच अडकलोय.” मी एक लावायचे, दुसरं मोडायचं.

एक जुनी, उंच इमारत आहे. जनरेटर बंद पडलेला. लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत दम्याचा त्रास असलेल्या एक शिक्षिका आणि सामान पोचवणारा एक माणूस. बाईंचा दम्याचा पंप वर घरात राहिलेला. तिथे वीज नसताना लिफ्ट हलवायची तर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जावं लागतं, उघड्या लोखंडी शिडीने. एकाने तिथे ब्रेक सोडून हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने खाली दाराशी उभं राहून ओरडायचं की डबा मजल्याला आला. प्रोग्रामने सगळ्यात जवळचा माणूस शोधला आणि काम आपोआप त्याच्याकडे गेलं. मी बघेपर्यंत खाली उमटलं होतं: ठीक.

मी फोन लावला. कोर्टानंतर पहिल्यांदा.

तो म्हणाला, “निघतोय, निघतोय.”

मी म्हटलं, “थांब. मला माहीत आहे.”

“काय?”

“चक्कर. कान. गुरुवारचा दवाखाना.”

मग म्हणाला, “कुणी सांगितलं?”

“आईंनी ओळखलं. ते नंतर भांड. आत्ता कसं आहे ते सांग.”

“ठीक.”

“हे बघ, तो शब्द मला पुन्हा ऐकवू नकोस. कसं आहे?”

तेव्हा म्हणाला, “सकाळपासून गरगरतंय. गाडी बाजूला लावून बसलोय. त्या इमारतीच्याच कोपऱ्यावर आहे, चालत जाईन.”

“आणि शिडीवर?”

काही बोलला नाही. आई, मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण तो कधी घाबरलेला मला कळला नव्हता. त्या गप्प बसण्यात कळला. मग हळूच म्हणाला, “मला वर पाठवू नकोस.”

दुसरा जवळचा माणूस म्हणजे आमचे मामा. सगळ्यात जुने मेकॅनिक, सगळे त्यांना मामाच म्हणतात. ते मोठ्या दवाखान्यात होते. तिथल्या दोन लिफ्टपैकी एक चालू होती, दुसरी ते दुरुस्त करत होते. साहेब माझ्या मागेच उभे होते. मी मामांना हलवायला घेतलं तसे म्हणाले, “दवाखान्यातून माणूस काढायचा नाही. करार आहे आपला.” मी म्हटलं, “साहेब, तिथे कुणी अडकलेलं नाही. इथे बाईंचा श्वास अडकलाय.” ते म्हणाले, “शिडी तिथे कोपऱ्यावर आहे ना? मग त्याला का नाही पाठवत?”

फोन अजून चालूच होता. मी त्याला विचारलं, “साहेब कारण विचारतायत. काय लिहू?”

तो म्हणाला, “खरं लिही.”

मी लिहिलं: आजारी आहे, उंचावर जाऊ शकत नाही. साहेबांनी वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की सगळ्या ‘वाहतूक’चा उलगडा त्यांना तिथल्या तिथे झाला. मामांना मी हलवलं.

तो भिंतीला धरत धरत त्या इमारतीत गेला. जिन्याच्या पायरीवर बसला आणि उजवा कान लिफ्टच्या दाराला लावून आतल्या बाईंशी बोलत राहिला. काय बोलला ते बाईंकडून ऐकून मामांनी मला सांगितलं. श्वास कसा घ्यायचा ते सांगत होता. नाकाने आत, ओठ आवळून बाहेर, सावकाश. “मीही डोळे मिटून असाच बसतो बाई, जातं ते, थोडं थांबा.” शाळेत काय शिकवता, मुलं ऐकतात का, असं काही काही विचारत होता. मामा वर पोचल्यावर त्यानेच खालून ओरडून डबा मजल्याला लावून घेतला. बाई बाहेर आल्या आणि दम लागलेला असतानाच त्याला म्हणाल्या, “तुम्हीच आधी पाणी प्या.” इतका पांढरा पडला होता म्हणे.

पुढचं कळवते.


९ एप्रिल

चि.,

तुझं पत्र वाचून शेजारणीला बोलावलं आणि तिलाही वाचून दाखवलं. ती रडली. मी रडले नाही, मला राग आला होता, पण कुणाचा ते ठरवता आलं नाही.

पुढचं लगेच कळव. नोकरीचं काय झालं? तुझ्याही आणि त्याच्याही. तू तुझ्या नोकरीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस, ते माझ्या लक्षात आलंय.

आई


३ मे

आई,

त्या मोठ्या दवाखान्याने तक्रार केली. त्या दिवशी त्यांच्या एका पेशंटला बराच वेळ लिफ्टसाठी ताटकळावं लागलं. मला लेखी समज मिळाली आहे. एक त्या बदलाबद्दल आणि दुसरी, जास्त कडक, ‘वाहतूक’ लिहिल्याबद्दल. दुसरी बरोबरच आहे. मी महिनाभर एका आजारी माणसाला कंपनीपासून लपवलं, आणि त्याला सांगितलंही नाही. साहेब म्हणाले, “तो पडला असता तर तू काय लिहिलं असतंस? वाहतूक?” खुर्ची मात्र राहिली.

त्याला फिरतीवरून काढलं. आधी घरी बसवलं होतं, मग डॉक्टरांचा कागद बघून कार्यशाळेत घेतलं. जळलेली कंट्रोल पॅनेलं तिथे येतात, ती टेबलावर उघडून दुरुस्त करायची. हात चांगला आहे त्याचा. पण खिडकी नसलेल्या खोलीत दिवसभर बसणं त्याला जड जातंय. पंधरा वर्षं शहरभर फिरलेला माणूस.

आम्ही बोललो. कार्यशाळेच्या दाराबाहेर, उभ्यानेच. तुम्हाला वाटेल गोड बोललो असू. तो भडकला होता. म्हणाला, “तुम्ही दोघींनी मिळून माझं वेळापत्रक लावलंत. मला सोडून सगळ्यांना माझी खबर होती.” मी म्हटलं, “तू तरी सांगायचं होतंस.” तो म्हणाला, “कुणाला? चांगला कान तुझ्याकडे यावा म्हणून तोंड फिरवून जेवलो की तू ताट आदळायचीस. मला आधी वाटलं तू हळू बोलायला लागलीस. कंटाळून.” आई, माझा आवाज बारीक झालाय असं वाटत होतं त्याला.

भोंगा झाला तसा तो आत गेला.

पुन्हा संसार वगैरे मनात आणू नका. तसं काही ठरलेलं नाही आणि ठरेल असं मला वाटत नाही. पण तो आत जाताना पाय अडखळला आणि मी धावले नाही, तो सावरेपर्यंत नुसती थांबले. तेवढं मला जमलं.

त्याची आठ दिवसांची रजा मंजूर झाली आहे. तुमच्याकडे यायचं म्हणतोय. भांडायला.

तुमची


२१ मे

चि.,

आला आणि भांडला. माझ्याशी भांडायचं म्हणजे लिहून भांडावं लागतं. वहीची पानं फाडून फाडून लिहीत होता, मी चष्मा लावून वाचत होते, मध्येच कुठे शब्द लागला नाही की त्याला विचारत होते, “हे काय लिहिलंयस, ‘लपवलंस’ की ‘लाजलीस’?” चौथ्या कागदावर त्यालाच हसू आलं. भांडण तिथेच संपलं असं नाही, पण मोडलं.

मी आजाराचं आधी का सांगितलं नाही, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू लिफ्टचं काम शिकला असतास का? तो म्हणाला, नसतो. मग म्हणाला, बरं केलंस. मग थोड्या वेळाने म्हणाला, नाही, बरं केलं नाहीस. दोन्ही खरं आहे गं.

इथे असताना एकदा जोरात चक्कर आली. मी त्याला भिंतीला पाठ लावून बसवलं आणि समोरच्या दाराच्या कडीवर नजर ठेवायला लावली. फिरतं ते फिरू द्यायचं, नजर कडीवर. लोकांत बसताना कोपऱ्यातली जागा कशी धरायची, चांगला कान कुठल्या बाजूला ठेवायचा, अनोळखी माणसाला आधीच कसं सांगून टाकायचं, ते सगळं त्याला दाखवलं. त्याच्या लहानपणानंतर मला काहीतरी येतं आणि त्याला शिकायचंय असं झालं नव्हतं. पडद्यांचं काम मागे पडलं, पडू दे. परत गेल्यावर त्याने स्वतः पत्र टाकलंय, पानभर. त्यात नवीन पॅनेलचं इतकं वर्णन आहे की मला काही कळलं नाही. पण सगळं वाचलं.

तेव्हा आता त्याची खबर तू द्यायची नाही. ती नोकरी सुटली तुझी.

पण पत्र बंद करू नकोस. मी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. त्यात तो कुठे गेला, कुठे थांबला, काय म्हणाला, सगळं आहे. तू काय जेवतेस, घरी गेल्यावर काय करतेस, ती फुलांची जुडी आणलीस ती कुठे ठेवलीस, यातलं काही नाही. दिवसभर सगळ्यांचे ठिपके बघतेस, तुझा कोण बघतं?

पुढचं पत्र तुझ्या ठिपक्याचं लिही. लांबलचक. मला घाई नाही, मी घरीच असते.

तुझी
आई